रबराचा चातुर्मास

स्वानंदीच्या घरात लाटणी दोन होती. एक पोळ्यांचं, ते ओट्यावर असे. दुसरं नीलकंठाचं, ते हॉलमधल्या कपाटात बॅटींच्या शेजारी असे. टेबल टेनिसच्या बॅटीवर नवं रबर चढवायचं म्हणजे आधी लाकडाला आणि रबराला दुधासारखा पांढरा गोंद लावायचा, तो वाळून पारदर्शक होईपर्यंत थांबायचं, आणि मग रबर लाकडावर ठेवून हलक्या हाताने लाटत जायचं, म्हणजे आत हवा राहत नाही. पहिल्या खेपेला नीलकंठाने सरळ स्वयंपाकघरातलं सोवळ्याचं लाटणं उचललं होतं. स्वानंदी ओरडली नाही. ओरडणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिने ते लाटणं त्याला देऊन टाकलं आणि संध्याकाळी देवीच्या टेकडीवरून उतरताना स्वतःसाठी दुसरं आणलं.

"धुऊन घेतलं असतंस की," नीलकंठ म्हणाला.

"असू दे. आता ते तुमचंच."

नीलकंठ देवासच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. रोज संध्याकाळी तिथल्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये खेळायचा, तो सासऱ्यांच्या जोडीने. बळवंतराव म्हणजे स्वानंदीचे वडील, शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. सासरे-जावयाची ही जोडी दर गणेशोत्सवात धारच्या जोडीशी सामना खेळायची, आणि देवासची मंडळी तिच्यावर बरीच आशा ठेवून असायची. जोडीत उणं एकच होतं. नीलकंठाला रबर पुरत नसे. झिजायच्या आधीच त्याचं मन भरे. हे फार उडतं, ते फार चिकटतं, ह्याच्या पोटातला स्पंज मऊ आहे, त्याचा आवाज बसका आहे. पार्सल आलं की तो ते हळूच कात्रीने उघडे, रबरावरचा प्लास्टिकचा पापुद्रा सोलून वास घेई आणि दोन दिवस घरात खुशीत वावरे.

"पप्पांचं नवीन रबर आलंय," चिऊ म्हणे. ती त्यांची मुलगी, अकरावीत. "अब दो दिन तक जो माँगना है माँग लो."

आषाढ लागायच्या सुमारास बळवंतराव लेकीकडे आले, चहा घेतला आणि जावयासमोरच बोलले.

"नीलकंठराव, माझ्या गुडघ्याची तारीख ठरली. मार्गशीर्षात ऑपरेशन. त्याच्यानंतर मी खेळेन असं डॉक्टर म्हणत नाही. म्हणजे यंदाचं धार शेवटचं."

"असं नका म्हणू, बाबा."

"म्हणतो ते ऐका. डबल्समध्ये एक बॉल तुम्ही मारायचा, पुढचा मी. तुमचा बॉल कसा गेला त्यावर माझ्याकडे कसा येणार ते ठरतं. तुम्ही दर महिन्याला रबर बदलता आणि मी दर महिन्याला नव्या माणसाबरोबर खेळतो. शेवटचा सामना मला माझ्या जावयाबरोबर खेळायचाय. परत बॅट बदललीत तर मी धारला खुर्चीत बसून बघेन."

बळवंतराव असं बोलले की करून दाखवत, हे स्वानंदीला लहानपणापासून ठाऊक होतं. वडिलांचा शेवटचा सामना खुर्चीत जावा हे तिला सोसवणारं नव्हतं. तिने रात्रभर काही विचार केला नाही. आषाढी एकादशी चार दिवसांवर होती आणि उपाय तिच्या रोजच्या जगण्यातलाच होता. ती दर चातुर्मासात काहीतरी सोडायची. कधी वांगं, कधी गादीवर झोपणं, कधी पायात चप्पल.

"तुम्हीही एक नेम धरा," ती म्हणाली. "कार्तिकी एकादशीपर्यंत."

नीलकंठाने आधी थट्टेवारी नेलं, मग बायकोकडे बघून आंघोळ करून पाटावर बसला. तळहातावर पाणी घेतलं. चातुर्मास संपेपर्यंत रबर बदलणार नाही, असं म्हणून ताम्हनात सोडलं. चिऊने फोटो काढला.

आठच दिवसांत पार्सल आलं.

स्वानंदी बघत राहिली. नीलकंठाने आतून कोरं लाकूड काढलं, नुसती मूठ आणि पातं. मग जुन्या बॅटीचं रबर कडेने नखाने उचलत अलगद सोलून काढलं आणि या नव्या लाकडावर लाटायला घेतलं.

"अहो, हे काय?"

"रबर तेच आहे. लाकूड बदललं. नेम रबराचा होता."

ती काही बोलणार, तोच तो पुढे म्हणाला, "उपासाला तांदूळ चालत नाही, वरई चालते. गहू चालत नाही, राजगिरा चालतो. मी तुझ्याच पानात बघून शिकलो."

त्याच दिवशी स्वानंदीच्या उपासाच्या पानात साबुदाण्याची खिचडी, शिंगाड्याची पुरी आणि रताळ्याचा कीस होता. राग यायला हवा होता, पण आलं ते नवल. एवढा शिकलेला माणूस, इतकी आटाटी करतो ती कशाच्या मागे?

संध्याकाळी हॉलमध्ये बळवंतरावांनी चार बॉल खेळून बॅट खाली ठेवली.

"लाकूड बदललंत."

"बाबा, तुम्हाला कसं..."

"माझ्याकडे बॉल लवकर आला. जुनं लावा. नाहीतर राम राम."

जुन्या लाकडावर रबर परत चढलं. स्वानंदीच्या मनातला प्रश्न मात्र काही जाईना. एका दुपारी तिने कपाटातल्या सगळ्या बॅटी काढून सतरंजीवर मांडल्या आणि त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं.

"डोळे मिटा. मी एकेकीवर बॉल टाकते. कुठली ते सांगा."

टक.

"ही मागच्या दिवाळीची. स्पंज जाड आहे."

टक.

"ही इंदूरहून आणलेली. लाकूड सुकलंय जरा."

टक.

"ही सध्या खेळतो ती."

एकही चुकली नाही. चिऊ दारात येऊन उभी राहिली होती. तिने स्वानंदीला खूण केली, आत जाऊन पोळपाट आणला. त्यावर बॉल टाकला.

"हे पोळपाट आहे," नीलकंठ डोळे मिटूनच म्हणाला. "आणि चिऊ, अभ्यास कर."

स्वानंदी हसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. उलट गुंता वाढला. नवऱ्याला भ्रम झाला असेल असं तिने धरलं होतं. त्याच्या कानाला फरक खरंच ऐकू येत होता.

"यातली वाईट कुठली?"

"वाईट?" त्याने डोळे उघडले. वळून एकेका बॅटीकडे बघितलं. "वाईट अशी एकही नाही."

"मग बदलता का?"

"सांगितलं तर हसशील."

"नाही हसणार."

"नवीन रबर असलं ना, की बॉल बाहेर गेला तर ती चूक रबराची असते. अजून हात बसला नाही म्हणून. जुनं झालं, हात बसला, की मग बॉल बाहेर जातो तो माझा असतो." त्याने सध्याची बॅट उचलून उलटीसुलटी केली. "ही आता जुनी व्हायला लागलीय. म्हणून भीती वाटते."

स्वानंदी हसली नाही. तीही दर वर्षी नवाच नेम धरायची, हे तिच्या ध्यानात आलं, आणि ते तिने त्याला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी बॅट पुसायचा स्पंज तिने स्वतः ओला केला आणि रबर कसं पुसायचं ते त्याच्याकडून शिकून घेतलं. तेलकट बोट लागू द्यायचं नाही, लागलं की बॉलला फिरकी बसत नाही, घसरतो. हे कळल्यावर ती पुऱ्या तळून आली की बॅटीच्या आसपासही जात नसे.

धारला नीलकंठाची थोरली बहीण राहायची. सगळे तिला ताईच म्हणत, फक्त स्वानंदी जुन्या वळणाने वन्सं म्हणे. सामन्याच्या दिवशी सगळी मंडळी सकाळीच ताईकडे उतरली. घरी गणपती, पानात उकडीचे मोदक. निघायच्या वेळी स्वानंदी आत पदर सारखा करत होती, तेवढ्यात बाहेर ताईंचा आवाज ऐकू आला.

"थांब रे नीलू, असा कोरडा कुठे निघालास? बाबा, तुम्हीही या. पाटावर बसा."

स्वानंदी बाहेर आली तोवर दोघांचं औक्षण झालं होतं आणि ताई नीलकंठाच्या बॅटीवर वाकल्या होत्या. कोरडं कुंकू रबराला धरेना, म्हणून त्यांनी निरांजनातल्या तुपात बोट बुडवलं होतं. बॅटीच्या एका बाजूला लाल रबर होतं, दुसऱ्या बाजूला काळं; त्यातल्या लाल रबराच्या मधोमध, ठसठशीत, चारी टिंबांसकट स्वस्तिक.

"वन्सं!"

"काय गं? हत्यारच आहे ना ते त्याचं? हत्याराला कुंकू लावायला दसराच कशाला हवा?"

नीलकंठाचा चेहरा पडला. त्याने खिशातून रुमाल काढला.

"नीलू!" ताईंनी त्याचा हात धरला. "कुंकू पुसतोस? सणाचं? घरात गणपती बसलाय!"

रुमाल तिथेच थांबला. स्वानंदीच्याही तोंडून "पुसा" हा शब्द निघेना. सवाष्णीने लावलेलं कुंकू पुसायला सांगायचं कोणत्या जिभेने? बरं, तूप ते. पुसून जाणारही नव्हतं, रबरभर पसरलं असतं. बळवंतराव मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होते. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते का, ते कळलं नाही.

गाडीत चिऊ म्हणाली, "पप्पा, दुसरी बॅट आहे ना बॅगमध्ये?"

होती. नीलकंठाने ती घेतली होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

धारच्या हॉलमध्ये समोर होता अनीश आणि त्याचा जोडीदार. अनीश कॉलेजात शिकणारा, मराठी समजणारा, बोलताना अर्ध्यात हिंदीवर घसरणारा, भैयाला माळवी थाटात भिया म्हणणारा. सामन्याआधी एकमेकांची बॅट बघून घ्यायची रीत असते. त्याने नीलकंठाची बॅट हातात घेतली आणि चमकला.

"काका, ये क्या है?"

"स्वस्तिक. ताईने काढलं."

"अरे भिया!" अनीशने पंचाकडे बघितलं. पंच म्हणजे समाजाचेच एक काका; त्यांनी बॅट पाहिली, तिला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि परत दिली. अनीशनेही तसंच केलं. हरकत घ्यायची कोणाची छाती होती?

पहिलाच बॉल नीलकंठाने फोरहँडने उचलला आणि तो तुपावरून घसरून नेटमध्ये गेला. दुसरा तसाच. तिसरा लागला, पण नुसता तरंगत गेला, आणि अनीशने तो बळवंतरावांच्या बाजूने असा मारला की म्हाताऱ्या गुडघ्यांना हलताही आलं नाही. पहिला गेम बघता बघता हातचा गेला.

नीलकंठ बॅगेपाशी आला. चेन अर्धी उघडली. स्वानंदी पहिल्या रांगेत बसली होती, तिला आतल्या बॅटीची मूठ दिसली. आता तर दोष रबराचाही नव्हता, ताईंच्या तुपाचा होता. बदलली असती तरी जगात कोणी बोट ठेवलं नसतं. फक्त बळवंतराव टेबलाला टेकून उभे होते आणि जावयाकडे बघत होते, आणि त्यांच्या पाठीशी रिकामी खुर्ची होती.

नीलकंठाने चेन ओढून लावली. सासऱ्यांकडे गेला. तो हळू बोलला, पण हॉल लहान होता.

"बाबा, लाल बाजूने माझा बॉल फिरणार नाही. मेल्यासारखा जाईल. उंच आणि हळू."

"किती उंच?"

"नेटच्या वर वीतभर."

"म्हणजे ते जोरात मारणार." बळवंतरावांनी क्षणभर विचार केला. "मग मी टेबलाजवळ थांबत नाही, मागे उभा राहतो. आणि काळ्या बाजूने?"

"काळी चांगली आहे. त्या बाजूने फिरकी देईन."

"देण्याच्या आधी सांगा."

आणि मग स्वानंदीने इतक्या वर्षांत न पाहिलेलं पाहिलं. दोघं बोलू लागले. प्रत्येक बॉलच्या आधी. "काळी." "लाल." "लाल, पण डावीकडे." बळवंतराव आधीच जागेवर जाऊन उभे असायचे. समोर अनीश गोंधळला. तीच बॅट, तोच हात, आणि एक बॉल गरगरत यायचा तर दुसरा पाण्यात भिजल्यासारखा. जोर लावावा तर तो टेबलाबाहेर जाई.

"यार, इसमें घूम ही नहीं रहा!" तो जोडीदारावर ओरडला.

"भिया, प्रसाद है," पंचकाका म्हणाले आणि सगळा हॉल हसला.

दुसरा गेम देवासने घेतला. तिसऱ्यात बरोबरी झाली, देवासची जोडी पुढे गेली, पुन्हा बरोबरी झाली. शेवटचा बॉल बळवंतरावांकडे आला. नीलकंठाने "लाल" म्हटलं होतं, ते मागे उभे होते, बरोबर जागी होते. पण बॉल नेटला घासून आखूड पडला आणि पुढे धावायला गुडघा तयार झाला नाही.

धारचे लोक टाळ्या वाजवत उठले. अनीश आधी बळवंतरावांच्या पाया पडला, मग बॅटीच्या.

बळवंतराव येऊन खुर्चीत बसले. घाम पुसला. चेहऱ्यावर हरल्याची खूण काही नव्हती.

"दोन वर्षं मी हेच मागतोय," ते जावयाला म्हणाले. "बदलू नका असं तोंडाने म्हणालो, पण मला पाहिजे होतं ते हे. मारायच्या आधी सांगा कसा जाणार आहे."

"बाबा, नवीन रबराचं मला तरी कुठे माहीत असतं?"

"मग उद्यापासून दोघं मिळून बघू. ऑपरेशनला वेळ आहे. तुमचा नेमही कार्तिकीपर्यंत आहे."

नीलकंठ त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसला. बॅट त्याच्या मांडीवर होती. स्वानंदीने वाकून ती उचलली आणि स्वस्तिकाच्या एका टोकावर अंगठा फिरवला. मग लाल रबराच्या कोऱ्या कडेवर फिरवला. पुन्हा स्वस्तिकावर.

"अहो," ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "इथे मधे घसरतं आणि कडेला धरतं. मग मुद्दाम कडेने मारला तर एकाच बाजूने दोन तऱ्हेचे जातील का हो?"

सासरे आणि जावई दोघंही तिच्याकडे बघू लागले.

"एक बॉल दे गं चिऊ," बळवंतराव म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.