हल्डाआत्याचा गुडघा आणि मी

मित्रांनो, आकाशाच्या पोटात काय शिजते आहे, ते या अखंड पृथ्वीतलावर सर्वांत आधी मला कळते. मी खाणावळीच्या भिंतीवर टांगलेला असतो; माझ्या एका बाजूला टोप्यांची खुंटी आहे आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छतागृहाचे दार. कोणी घाईत असला की दाराची मूठ माझ्या बरगडीत बसते.

मी एक जुना वायुदाबमापक आहे. पितळी अंग, पांढरा चेहरा आणि निळा काटा. गावात मला नुसते 'काच' म्हणतात. माझा जन्म बोस्टनचा, समुद्रकाठचा. एका कप्तानाच्या जहाजावर मी मखमलीच्या पेटीत राहत असे. पुढे त्याच्या नातवाला चांदीच्या खाणीचे वेड लागले आणि त्याने मला कोलोरॅडोच्या डोंगरांत, नऊ हजार फुटांवरच्या या गावात आणले.

इथेच माशी शिंकली. उंचावर हवेचा दाब मुळातच कमी, आणि दाब कमी म्हणजे वादळ, एवढेच मला शिकवलेले. माझ्या पाठीवरचा स्क्रू फिरवून मला इथल्या हवेची सवय लावायला हवी होती. ते कोणालाच सुचले नाही. माझा काटा चेहऱ्यावरच्या 'वादळ' या शब्दावर जाऊन बसला तो उठेचना. त्या हिवाळ्यात गावाने माझ्या शब्दाखातर तीनदा सरपण भरले, एक लग्न दोनदा पुढे ढकलले आणि बाहेर लख्ख ऊन पडलेले असताना चर्चमध्ये दारे लावून प्रार्थना केली. वसंतात शाळेच्या बाईंनी स्क्रू पिळला आणि मी ताळ्यावर आलो. पण तोवर माझे नाव 'रडका' पडले होते. चूक त्यांची, बदनामी माझी!

तरी त्यानंतरची बरीच वर्षे चांगली गेली. गावाबाहेरची डोंगरखिंड ओलांडणारा प्रत्येक जण निघताना माझ्या काचेवर हलकी टिचकी मारी. टिचकीने अडलेला काटा सुटतो आणि हवा कुठल्या बाजूला झुकली आहे ते दाखवतो. मग हल्डाआत्याच्या गुडघ्याचा उदय झाला.

हल्डाआत्या ही मी टांगलेलो आहे त्या खाणावळीची जुनी आचारीण. सारा गाव तिला आत्याच म्हणतो. एकदा ती बर्फावरून घसरली आणि तेव्हापासून वादळाच्या आदल्या दिवशी तिचा गुडघा ठणकू लागला. दहापैकी नऊ वेळा खरा. झाले! लोकांनी माझ्याकडे पाठ फिरवली. मत्सर वाईट, हे मलाही कळते. पण पितळेत घडलेल्या, जहाजावर वाढलेल्या यंत्राने हरावे कोणाकडून, तर लोकरीच्या मोज्यातल्या गुडघ्याकडून? खाणावळीची मालकीण मार्व्हेल त्या गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी द्यायची. मला कधी ओले फडकेही मिळाले नाही.

एका ऑक्टोबरात हल्डाआत्या डेन्व्हरला बहिणीकडे गेली आणि दोन महिन्यांनी ताठ चालत परतली. "बहिणीच्या मालिशचा गुण," असे तिने सांगितले. त्यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. ती रोज सगळ्यांच्या आधी यायची, स्वच्छतागृहाकडे जाता जाता माझ्यावर अंगठ्याने हळूच टिचकी मारायची, काटा बघायची आणि खुर्चीत बसून गुडघा चोळत म्हणायची, "दुपारनंतर वारा सुटेल गं बाई." वारा सुटायचा. कौतुक गुडघ्याचे व्हायचे. मी आतल्या आत जळायचो. जळण्याची सोय नसूनही.

जानेवारीतल्या एका सकाळी रेडिओने सांगितले की मोठे बर्फाचे वादळ येत आहे, संध्याकाळी सहापर्यंत खिंड गाठेल. टपालगाडीचा ऑर्विल खुशीत होता. "दोनच्या आत जाऊन परत येतो." माझा काटा मात्र दगड पडावा तसा खाली चालला होता. कोणी बघितले नाही. त्या दिवशी हल्डाआत्याला यायला उशीर झाला आणि खाणावळ आधीच भरलेली.

"आत्या, गुडघा काय म्हणतोय?" ऑर्विलने विचारले.

"गप्प आहे," ती म्हणाली. ते अगदी खरे होते.

ऑर्विलने टोपी चढवली. तेवढ्यात ती कोट खुंटीला अडकवायला आली आणि तिची नजर माझ्यावर पडली.

"ऑर्विल, थांब! जाऊ नकोस."

"का गं? मालिश उतरली वाटतं!" सारे हसले. "आत्या, रेडिओ सहा म्हणतोय. तुझा गुडघा मिनिटाला मत बदलतो."

"गुडघा काहीही म्हणत नाही रे, मेल्या!" तिने मोजा खाली ओढला. गुडघ्यावर लांबलचक टाक्यांचा व्रण. "पोलादी आहे. ऑक्टोबरात बसवला. तेव्हापासून मी या काचेत बघून तुम्हाला सांगते. ये, तूच बघ."

ऑर्विल माझ्यासमोर आला आणि त्याने टिचकी मारली. काटा त्याच्या डोळ्यांदेखत घसरला. त्याने टोपी काढून खुंटीला लावली.

वादळ अकराला आले. चार दिवस खिंड बंद होती. खिंडीच्या तिसऱ्या वळणावर, जिथे ऑर्विल रोज अकराला असतो, तिथे दरड आणि बर्फ कोसळून रस्ताच उरला नव्हता.

आता तरी माझा सत्कार व्हावा की नाही? मार्व्हेलने सफरचंदाचा केक केला. हल्डाआत्यासाठी. "चारचौघांत खोटं कबूल करायला छाती लागते हो!" म्हणाली. आणि आता लोक तिला विचारतात, "आत्या, काच काय म्हणते?" काच समोर आहे, मित्रांनो. डोळे तुम्हालाही आहेत.

पण त्या सकाळी गुडघ्याचा सारा मान सोडायची तयारी तिने दाखवली, हे मी जाणतो. म्हणून फार बोलत नाही. एवढेच सांगतो, एखादे जुने यंत्र एकदा चुकले, तर त्याला जन्मभर रडका म्हणू नका. आधी त्याचा स्क्रू बघा.

आणि टिचकी मारण्याआधी, कृपा करून, बोटाला लागलेला सिरप पुसा. काटा दिसत नाही.