लाल दिव्याचा व्यायाम

"आता मी सांगते त्यावर तुमच्यातल्या एकीचाही विश्वास बसायचा नाही," बसची ड्रायव्हरीण चटईवर बैठक मारत म्हणाली, "पण माझं दुखणं सिग्नलनं बरं केलं."

बायकांनी माना वळवल्या. बाळंतपणानंतर शिंकताना, हसताना लघवी सुटते, म्हणून त्या सगळ्या या व्यायामवर्गाला येत. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांचे दोन गट पाडले होते. एकानं ओटीपोटाखालचे स्नायू घरच्या घरी आवळायचे आणि सोडायचे. दुसऱ्यानं तेच यंत्र लावून करायचं, म्हणजे पकड किती बसली ते पडद्यावर दिसे. कोणती रीत सरस, ते आज ठरणार होतं. ड्रायव्हरीण घरच्या गटातली. ती बरी झाल्याच्या कागदावर आज बाईंची सही झाली नाही, तर लांब पल्ल्याची गाडी उद्या दुसऱ्याच्या हाती जाणार होती.

"लाल दिवा लागला की आवळायचं, हिरवा लागला की सोडायचं. परवा भरली गाडी खड्ड्यात आदळली आणि तेवढ्यात मला शिंक आली. मागच्यांचे दात हलले, पण मी कोरडी ठणठणीत."

"मग ते यंत्र भंगारात घाला," यंत्राच्या गटातली शिंपीण म्हणाली. "आम्ही उगाच पडद्यापुढे डोळे फोडतोय."

हशा पिकला. एकटी ड्रायव्हरीण हसली नाही. तिनं गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवले.

"आवळताना श्वास रोखता का?" बाईंनी विचारलं.

"छे हो, गाणी म्हणते. प्रवासी उतरायचे विसरतात."

"बरं. उभ्या राहा आणि एकदा जोरात खोका."

ती उठली. घसा खाकरला, थांबली.

"खोकण्यात काय मोठंसं? त्यापेक्षा घाटातली गंमत ऐका..."

"खोका."

बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ड्रायव्हरिणीनं गणवेशाचं टोक स्टिअरिंगसारखं मुठीत धरलं, श्वास आत ओढला आणि तो आतच राहिला.

दाराशी तिचं तान्हं मांडीवर घेऊन सासू बसली होती. ती तिथूनच म्हणाली,

"खोकायला लावू नका तिला, बाई. खोटं बोलतेय ती."

"आई..."

"बादलीच्या तळाशी दडवतेस ते कपडे कोण धुतं, वाटलं तुला?" सासूनं बाळ खांद्यावर घेतलं. "यंत्रावर घ्या हिला, बाई. माझ्या वेळी नव्हतं ते."