साधी विंडोज

तुमसरच्या बाजारात कम्प्युटरचं दुकान चालवणारा योगेंद्र गिऱ्हाइकाला फार वेळ देत नसे, पण त्या दिवशी बपेऱ्याहून आलेल्या घनश्यामनं त्याला एकाच प्रश्नाला बांधून ठेवलं होतं. घनश्यामचं गावात बियाणं आणि खताचं दुकान. बिलं, साठा, सगळं कम्प्युटरवर. दिवाळी तोंडावर आली आणि जुन्या विंडोजची मुदत संपली. जुन्या डबड्याला नवी विंडोज पेलवेना, म्हणून नवा कम्प्युटर घ्यायचा ठरला. इथवर सगळं सरळ होतं. घोडं पेंड खात होतं ते नव्या विंडोजच्या दोन प्रकारांपाशी. एक साधी, तिला होम म्हणतात. दुसरी तिच्याहून महाग, प्रो.

"प्रो घेतली तं का होते?"

"काकाजी, तुमचा पोरगा पुण्यात आहे नं? तो तिथून तुमचा कम्प्युटर उघडून काम करू शकते. तुमी इथं चहा पेत बसा."

"अन् साधीत?"

"साधीत ते नाही. बिघडलं तं कोणाले तरी समोर येऊन बसा लागते."

घनश्याम हे पुन्हापुन्हा विचारत होता आणि दर वेळी तेच उत्तर ऐकून त्याला बरं वाटत होतं. योगेंद्र मात्र घड्याळाकडे बघू लागला होता.

त्या पोरानं, वीरेंद्रनं, फोनवर बजावलं होतं, "बाबा, प्रोच घ्या. मंग मले गावाले याचं कामच नाही." बिचारा चांगल्या मनानं बोलला. बापाचा खोळंबा होऊ नये, एवढंच त्याच्या डोक्यात. पण त्याचे शेवटचे शब्द बापाच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले होते.

दिवाळी झाली की बपेऱ्यात मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुण्यांची रीघ. पाहुण्यांना रीतसर बोलावणं जातं. पोटच्या पोराला कुणी बोलावत नाही. जे घर त्याचं, तिथं त्याला "या" कसं म्हणायचं? बापानं पोराला बोलावणं दिलं की तो पोरगा पाहुणा झाला, अशी तिथली समजूत. ती कुणी पाटीवर लिहून ठेवलेली नाही, पण मोडतही कुणी नाही. मग घनश्यामसारखा माणूस करणार काय? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं! दरवर्षी मंडईच्या आधी तो फोन करी, "कम्प्युटर लय हळू चालून राहिला बापा." वीरेंद्र येई, तासाभरात यंत्र ताळ्यावर आणी, आणि मग रजा संपेपर्यंत घरी राही. रात्री बापलेक एकाच चादरीत गुरफटून नाटक बघत. मागच्या वर्षी मात्र त्यानं फोनवरूनच काय दाबायचं ते सांगितलं. घनश्याम मंडईत एकटाच फिरला, सवयीनं जिलेबी घेऊन घरी आला आणि ती तशीच राहिली.

त्याला कम्प्युटरशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला पोरगा हवा होता, समोर ताटावर बसलेला, पुऱ्या तळणाऱ्या आईला "आणखी एक सुवारी वाढ" म्हणणारा.

"साधी दे," तो म्हणाला. योगेंद्रनं सुटकेचा निःश्वास सोडला.

घरी खोकं उतरवताना बायकोनं, गिरजाबाईनं, विचारलं, "कोणती आणली?"

"साधी. आता घरी याच लागन त्याले."

"म्हातारपणी लबाडी सुचून राहिली तुमाले," ती म्हणाली, पण खोकं तिनं लेकराला धरावं तसं दोन्ही हातांनी आत नेलं.

संध्याकाळी त्यानं वीरेंद्रला फोन लावला आणि आवाज शक्य तितका पाडून सांगितलं की प्रो काही घेतली नाही, आता बिलांचं कसं व्हावं.

"काहून बाबा? सांगतलं होतं नं!" वीरेंद्र क्षणभर चिडला. मग म्हणाला, "राहू द्या. साधीतही मदत घ्याची एक सोय आहे. दर वेळी तुमाले नंबर टाका लागन, एवढंच. टाका, सांगतो."

झालं! इतका विचार करून घेतलेली विंडोज, तीही फितूर निघाली. नंबर चुकवायचं घनश्यामच्या मनात आलं होतं, पण पोराचा आवाज ऐकता ऐकता बोटं बरोबर टाकत गेली. मग त्यानं माऊसवरचा हात काढला, तरी पडद्यावरचा बाण आपोआप चालू लागला.

गिरजाबाई हात पुसत मागं येऊन उभी राहिली. "हा आपला वीरू होय?"

"हो."

ती पापणी न हलवता बघत राहिली. बाण इकडून तिकडं पळत होता, खिडक्या उघडत होता, मिटत होता. "केवढी घाई त्याले," ती म्हणाली. "जेवला का, इचारा नं."

"हो आई, खाल्लं," फोनमधून आवाज आला. बाण थांबला नाही. पुण्यातून उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं, आणि शेळ्या मुकाट चालत होत्या.

"झालं बाबा. बिलं आली, प्रिंटर लागला. आता काही अडलं तं सांगजा, इथूनच करून देईन. ठेवू?"

आता बिघडण्यासारखं काही उरलं नव्हतं. घनश्याम खुर्चीत ताठ बसला. घसा खाकरला. आणि दारी आलेल्या सोयऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बपेऱ्याची मंडई आहे. शालूले अन् मनालीले घेऊन सहकुटुंब यावं. आमची विनंती आहे."

गिरजाबाईनं तोंडाला पदर लावला. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थांबला.

"बाबा, असं काहून बोलता? मी का पाहुणा आहो?"

"तूच सांग बापा."

पलीकडं सून शालू नातीला, मनालीला, कशावरून तरी रागावत होती.

"पाहतो बाबा," वीरेंद्र म्हणाला. "सुट्टीचं जमलं तं येतो."

बोलावणं मिळालेला माणूस बपेऱ्यात हेच म्हणतो. नाकाडोंगरीच्या सोयऱ्यांना घनश्यामनं स्वतः कितीदा हेच सांगितलं होतं, आणि क्वचितच गेला होता. त्यानं "बरं" म्हटलं. फोन बंद झाला. पडद्यावरचा बाण आता तो हलवेल तेव्हाच हलणार होता.

गिरजाबाई तिथंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, तरी विचारलं, "दिवस सांगतला नं तुमी त्याले?"

"सांगतला."

"मंग उशा उन्हात घाला लागन," ती म्हणाली, आणि अंधार पडला असूनही उशा काढायला आत गेली.