तीन जोड्या आणि एक झाकण

मित्रांनो, मी एक जुना अँप्लिफायर आहे. बेस गिटारचा. बेस म्हणजे चार जाड तारांची ती गिटार, जी वाजत असताना कुणाच्या लक्षात येत नाही आणि थांबली की सगळे म्हणतात, "काहीतरी चुकतंय." तिचा आवाज मोठा करणं हे माझं काम. टाळ्या गायकाला, हार गायकाला आणि जिन्यावरून उचलून नेताना शिव्या मला, अशी आयुष्यभराची वाटणी होती.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. खोका सुताराने केला, आतल्या तारा एका चष्मेवाल्या बाईंनी जोडल्या. जोडताना त्या शेजारणीला सुनेची गाऱ्हाणी सांगत होत्या, त्यामुळे थोडी कुरकुर माझ्या आवाजात उपजतच आहे. शेवटी त्यांनी माझ्यात व्हॉल्व्ह बसवले. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळ्या. तापल्या की निखाऱ्यासारख्या मंद उजळतात, आणि मगच मला कंठ फुटतो. त्यांतले दोन मोठे. आवाजाचं सगळं ओझं त्या दोघांवर, म्हणून ते सारख्या ताकदीचेच घ्यावे लागतात. एक नवा आणि एक थकलेला जुंपला, तर नवा एकटाच राबतो, लालबुंद होतो आणि जातो. हे माणसांना समजावून सांगावं लागतं याचं मला नवल वाटतं. घरोघरी तर तेच बघतात.

माझे मालक संध्याकाळी एका बँडमध्ये वाजवत आणि दिवसा घरी सराव करत. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं. मालकांनी सर्वांत खालचा सूर लावला की तिथल्या फळीवरच्या डब्याचं झाकण थरथरून वाजायला लागे आणि मालकीणबाईंची हाक येई, "अहो, हळू जरा." मालक हसून माझी आवाजाची कळ तसूभर मागे घेत आणि थोड्या वेळाने पुन्हा होती तिथे नेत. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. आम्हाला समीक्षक असा तेवढाच लाभला.

पुढे बँड मोडला. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर चादर आली, चादरीवर कुंडी आली. कुंडीला पाणी घातलं की थोडं मलाही मिळे. झाड वाढलं, मी गंजलो.

मग एक दिवस जुन्या ड्रमवाल्याचा फोन आला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि सगळ्यांनी पुन्हा एकदा मिळून वाजवावं अशी त्याची इच्छा होती. मालकांनी कुंडी उतरवली, चादर झटकली, बटण दाबलं. मोठ्या दोघांतला एक चमकला आणि विझला.

"माझा जुना आवाज परत आला तर जाईन," मालक म्हणाले. "नाहीतर गिटार खुंटीला आणि हा खोका शेजाऱ्यांना."

शेजाऱ्यांना माझ्यावर टीव्ही ठेवायचा होता. ते मोजपट्टी घेऊन एकदा येऊनही गेले होते.

मालकांचे एक मित्र रेडिओ दुरुस्त करत. गळ्यात कायम मीटर अडकवून हिंडत, म्हणून त्यांचं नावच मीटर पडलं होतं. ते मोठ्या व्हॉल्व्हच्या तीन जोड्या घेऊन आले. प्रत्येक जोडी आधी मापून घेतलेली.

पहिली बसवली. मालकांनी खालचा सूर लावला, मान जरा भिंतीकडे वळवली आणि थांबले. "पांघरुणातून बोलतोय."

दुसरी बसवली. "याला सर्दी झालीय."

तिसरी बसवली. "हा तर आत्ताच फाटतोय. लग्नात काय करेल?"

"तू व्हॉल्व्ह बघतोयस की जावई?" मीटर म्हणाले. मालक हसले नाहीत. त्यांनी गिटार खाली ठेवली आणि चादर शोधायला आतल्या खोलीत गेले.

मीटर स्वयंपाकघराच्या दारात गेले. "वहिनी, तिन्ही जोड्या उत्तम आहेत. त्याचे कान—"

"ठाऊक आहे मला," मालकीणबाई म्हणाल्या. "दारावरची घंटा हल्ली मीच ऐकते, आणि म्हणते, कोण आलंय ते मला आधी दिसलं. त्यांना तसं सांगायचं नाही. तुम्हाला कुठली पसंत?"

"पहिली. खालचे सूर न फाटता पेलते."

"मग तीच घाला."

मालक चादर घेऊन आले तेव्हा मी पुन्हा तापत होतो. "आणखी एक जोडी निघाली. शेवटचं एकदा वाजव," मीटर म्हणाले, आणि वर पाहिलं नाही.

मालकांनी खालचा सूर लावला आणि मान वळवली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते मला ऐकतच नव्हते. ते भिंतीपलीकडचं ऐकत होते.

"अहो, हळू जरा." हाक आली. पूर्वीपेक्षा बरीच मोठ्याने.

मालकांचा हात तारांवर तसाच राहिला. मग त्यांनी माझी कळ तसूभर मागे घेतली. "मीटर, हीच. आधीच्या तिघींत दम नव्हता."

"नव्हताच," मीटर म्हणाले आणि एक घट्ट असलेला स्क्रू आणखी घट्ट करत बसले.

जाताना त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "वहिनी, झाकण खरंच वाजलं?"

"कुठलं झाकण? तो डबा आमच्या मुलीने केव्हाच नेला."

लग्नात मालकांनी वाजवलं, आणि मी वाजलो. टाळ्या गायकाला मिळाल्या. आता रोज सराव असतो. शेजाऱ्यांनी टीव्हीला टेबल घेतलं आणि परवा भिंतीवर थाप मारून गेले. मालकांना ती ऐकू आली नाही. स्वयंपाकघरातली हाक मात्र त्यांना अजून एकदाही चुकलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्या डोक्यावर कुंडी ठेवू नका. अधूनमधून त्याला तापवा. मोठे व्हॉल्व्ह बदलाल तेव्हा जोडीनेच बदला. आणि पलीकडच्या खोलीत कुणी म्हातारा वाजवत बसला असेल, तर त्याला एखादी हाक मारा. झाकण वाजलं नसलं तरी.