झालरीच्या झबल्यातून

मी ग्राफिक्स कार्ड बोलतोय, आणि तेही झबल्याच्या आतून. जांभळं मखमली झबलं, खाली सोनेरी झालर. स्टुडिओचा मालक हेमकांत, त्याच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, ते शिवलं. घरात टीव्हीला झालं, मिक्सरला झालं, फ्रिजला टोपरं झालं, मग उरलेल्या कापडात स्टुडिओतला कॉम्प्युटर बसला. त्या कॉम्प्युटरच्या डब्यात माझा मुक्काम. डब्याला मागे जाळी असते ती वारा खेळावा म्हणून, हे या घरात कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

पडद्यावर जे चित्र दिसतं ते मी काढतो. काम करताना तापतो आणि माझे दोन पंखे मला गार ठेवतात. एवढं कळलं तरी पुरे, हेमकांतला एवढंही कळत नाही.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. तिथून सुरतेला आलो. एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चाळीस कार्डं रात्रंदिवस आकडेमोड करायचो, कुणी कधी हातात न घेतलेल्या डिजिटल नाण्यांसाठी. मालकाचा त्यातला रस संपला तसा मी हेमकांतच्या पिशवीतून रेल्वेने नंदुरबारला आलो. स्टुडिओत पाऊल टाकताच तो सगळ्यांना म्हणाला, "नवं कार्ड शे." खोटं बोलायला तो एक दिवसही थांबला नाही.

स्टुडिओच्या समोर, रस्त्यापलीकडे मिरचीच्या पथाऱ्या आहेत. दिवाळीनंतर तिथे लाल मिरची वाळत पडते आणि हवेत तिची बारीक धूळ तरंगते. गिऱ्हाईक शिंकत आत येतं, शिंकत बाहेर जातं.

आत काय चालतं ते सांगायची मला लाज वाटते. लग्नाआधीच्या फिल्मा. आयुष्यात कधी एकमेकांशी धड दोन वाक्यं न बोललेली दोघं तोरणमाळच्या तळ्याकाठी हळूहळू धावतात. त्याचा गॉगल, तिची ओढणी, मागे रंगीत धूर. धावणं आणखी हळू करायचं, आकाश आणखी निळं करायचं, आणि ते सगळं मी करायचं. सुरतेतली नाणी निदान दिसत तरी नव्हती.

या सगळ्यात एकच माणूस कामाचं होतं. रंजिता. धडगावकडची, घरी पावरी बोलायची, स्टुडिओत शाळेतली स्वच्छ मराठी. फिल्मा जोडायचं काम तिचं. मशीन हळू चालतं म्हणून हेमकांत तिलाच बोलायचा, तेव्हा तिने माझा वेग वाढवायचं ठरवलं.

तिची रीत सांगतो. आधी तिने डबा उघडून मला ब्रशने साफ केलं. मग वेग पंधरा मेगाहर्ट्झने वाढवला, तासभर मला कामाला लावलं, तापमान बघितलं आणि वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी आणखी पंधरा. असं आठ दिवस. आठव्या दिवशी पडद्यावर हिरवे ठिपके चमकले. तिने हट्ट केला नाही, दोन पायऱ्या खाली आली आणि तिथे थांबली. ऐंशी अंशांच्या वर तापलो तर काम बंद, हेही वहीत. मला आयुष्यात इतक्या आदराने कुणी वागवलं नव्हतं. शंभरातली दहा मिनिटं वाचायला लागली, आणि हेमकांत सांगत सुटला की मशीनचा वेग आपण वाढवला.

मग मार्गशीर्ष आला, लग्नं आली आणि हे झबलं आलं. रंजिता म्हणाली, "भाऊ, काम चालू असताना तरी कापड काढू या."

"मिरचीनी धूय जास ना मझार," हेमकांत म्हणाला. "प्रमिलानी एवढं शिवेल शे."

धूळ झालरीखालून येतच होती. फक्त आता ती बाहेर जात नव्हती.

धानोऱ्याचे इंद्रसिंगभाऊ दुपारी दोनला फिल्म न्यायला आले. ती अर्ध्याच्या वर तयार होती. "संध्याकायले पोरनी हयद शे," ते म्हणाले. "पडदा लाई ठेयेल शे, पाव्हना येवाले लागनात."

रंजिता म्हणाली, "पाऊण तासात होईल."

एवढ्यावर भागलं असतं. पण मोठं गिऱ्हाईक समोर आणि हेमकांतला गप्प बसवेना. त्याने माउस तिच्या हातातून घेतला. "दखा, मन्हा मशीनमा कितला जोर शे ते." पडद्यावरची माझ्या वेगाची पट्टी त्याने सरळ शेवटापर्यंत ओढली.

"भाऊ, नको."

"मशीन मन्हं शे, माले शिकाडू नको."

आता माझंही सांगतो, नाहीतर त्याला हसायचा मला हक्क नाही. मी आधीच ऐंशीला टेकलो होतो. त्याच क्षणी ठिपके दाखवून सावध करायला हवं होतं. पण पाहुणा बघत होता आणि मलाही मिरवायचं होतं. मी चार-पाच सेकंद जीव खाऊन धावलो, आणि पडदा काळा पडला. फिल्म गेली, पुन्हा पहिल्यापासून.

हेमकांतने एक श्वासही घेतला नाही. "हाई पोरनी काहीतरी करी ठेयेल शे," तो इंद्रसिंगभाऊंना म्हणाला. मग तिला, "सहाच्या आत फिल्म नही भेटनी ते सकायपासून येऊ नको."

रंजिताने झबलं ओढून काढलं, डबा उघडला. माझ्या पात्यांवर मिरचीचा लाल थर चिकटला होता. ती ब्रश फिरवू लागली तशी इंद्रसिंगभाऊंनी मोबाइलची बॅटरी धरली आणि सटासट शिंकले. "इतली मिरची ते मन्हा वावरमा बी नही," ते म्हणाले. "हेमकांत, डबाले कपडा कोणी पेहराडा रे?"

हेमकांतला अचानक बाहेर फोन करायचा होता.

तिने माझा वेग कारखान्यातून आला तेवढाच ठेवला, मिळवलेली दहा मिनिटंही सोडून दिली. मी चाललो. अठ्ठ्याहत्तरच्या वर गेलो नाही, एक ठिपका दाखवला नाही. पाच वाजायच्या आत फिल्म पेन ड्राइव्हमध्ये होती आणि हेमकांत परत आला होता. "दखं ना भाऊ, मन्हं मशीन?"

रंजिता उभी राहिली. "भाऊ, नोकरीचं राहू द्या. यांच्यासमोर एकदा सांगा, मघाशी चूक माझी नव्हती."

"व्हई गयं ना काम," हेमकांत हसत म्हणाला. "जाऊ दे ना आते."

इंद्रसिंगभाऊंनी हेमकांतकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि निघून गेले. सगळं समजूनही गप्प राहणारी माणसं मला हेमकांतहून फार वरची वाटत नाहीत.

रंजिताने वहीतलं शेवटचं पान फाडलं आणि डब्याला चिकटवलं. कुठपर्यंत वाढवायचं, कुठे थांबायचं, कधी साफ करायचं, सगळं सुवाच्य अक्षरात. नोकरी वाचवली होती तिने, आणि तीच नोकरी टेबलावर ठेवून ती पिशवी उचलून गेली. आता कुठे आहे मला माहीत नाही. मला तिची आठवण येते, आणि हे कबूल करताना कमीपणा वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी झबलं धुऊन, इस्त्री करून परत आलं. ते कागदाच्या वरूनच चढलं. हेमकांतने वेग पुन्हा वाढवलाय, किती ते त्यालाही आठवत नसेल. या क्षणी मी एक्याण्णववर आहे, माझा एक पंखा घरघरतोय आणि तोरणमाळच्या तळ्याकाठी कुणीतरी हळूहळू धावतंय.

हा हंगाम मी काढणार नाही. गेलो की हेमकांत म्हणेल, सुरतेवाल्याने फसवलं. तिच्या खुर्चीवर उद्या जो कुणी येईल त्याला एवढंच सांगणं आहे. बाबा, तू हुशार असशील, पण माउसला नंतर हात लाव. आधी झालर वर कर. खाली एक कागद आहे.