माझ्यात न आलेली तूर

मित्रांनो, फाइल म्हटलं की तुम्हाला पुठ्ठा आणि नाडी आठवत असेल. मला ना पुठ्ठा, ना नाडी. मी एका जुन्या लॅपटॉपात राहते. माझ्यात रंग नाहीत, चौकटी नाहीत, नुसती साधी अक्षरं आहेत. ज्याला वाचता येतं, त्याला मी कळते. या एका गोष्टीचा मला फार अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

जानेफळच्या अकरा बायकांनी बचत गट काढून डाळ मिल घातली, तेव्हा माझा जन्म झाला. अध्यक्ष अन्नपूर्णाबाईंची सून अर्पिता हिशोब ठेवणार होती. लॅपटॉप इतका म्हातारा की मोठे प्रोग्राम उघडताना धापा टाकायचा. म्हणून तिनं मला निवडलं. माझा नियम सोपा होता. प्रत्येक नोंदीखाली दोन ओळी, काय आलं आणि कुणाकडून आलं. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की लहानसा तपासनीस प्रोग्राम कुरकुरायचा. आणखी एक सोय होती. माझ्यात रुपयेच लिहावेत अशी सक्ती नव्हती. ‘तूर, २ पायली’ असं लिहिलं तरी मला चालायचं.

गटातल्या सोजराबाईंना याचाच आधार होता. गटाची महिन्याची वर्गणी बाकीच्या जणी बँकेत भरायच्या. सोजराबाईंच्या हातात रोख पैसा क्वचितच यायचा, म्हणून त्या मिलवर येऊन दोन पायल्या तूर मापून द्यायच्या. दळायला येणारे शेतकरीही मजुरी तुरीतच देत. मापताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन. मिलवर जिची पाळी असेल ती संध्याकाळी अर्पिताला सांगायची आणि अर्पिता ते माझ्यात टाइप करायची.

ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं. अर्पिता एकेक अक्षर दाबायची. कंटाळा आला की मागची नोंद उचलून खाली चिकटवायची आणि तारीख तेवढी बदलायची. पुढे बायका फोनवर निरोप पाठवू लागल्या, ती तेच निरोप माझ्यात उतरवून घ्यायची. वाट कोणतीही असो, प्रत्येक ओळ तिच्या डोळ्यांखालून जायची.

दिवाळीच्या सुट्टीत अर्पिताचा दीर कुलदीप आला. तो बुलढाण्याला कॉम्प्युटर शिकतो. वहिनीचे हात दुखतात हे पाहून त्यानं एक प्रोग्राम लिहून दिला. बँकेचा उतारा समोर ठेवला की एका दमात दीडशे नोंदी माझ्यात. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. खरं सांगते मित्रांनो, मीही फुगले. आता यंत्रच सगळं घेतं, असं बायकांना वाटलं आणि संध्याकाळचं सांगणं थांबलं. अर्पितालाही वाटलं, कुणी काही सांगत नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नसेल. बँकेला तुरीची काय खबर? पण मी बोलू शकत नव्हते.

मार्चअखेरची बैठक मिलवरच झाली. अर्पितानं माझ्यातून यादी काढली. सोजराबाईंच्या नावापुढे पाच महिने कोरे होते. सलग तीन महिने वर्गणी चुकली तर नाव कमी करायचं, हा गटाचा नियम. तो वाचताना अर्पिताचा आवाज खाली गेला.

सोजराबाईंचं घर नवऱ्याच्या नावावर, शेत सासऱ्याच्या नावावर. त्यांचं स्वतःचं नाव लिहिलेली जागा म्हणजे हा गट. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मी तं दर महिन्याले तूर टाकली व माय.”

ज्यांच्या पाळीला ती तूर मापली होती, त्या खाली बघत राहिल्या. आपल्याला एकाच महिन्याचं माहीत, यंत्राला सगळं माहीत असणार, असं त्यांना वाटत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अन्नपूर्णाबाईंनी चष्मा लावला आणि लॅपटॉप मांडीवर ओढला. यादी बाजूला ठेवून त्या थेट मलाच वाचू लागल्या, बोटानं, ओळीमागून ओळ. दिवाळीच्या आदल्या दिवसाशी येऊन त्यांचं बोट थांबलं.

“येच्यानंतर कोणाचीच तूर नाही,” त्या म्हणाल्या. “दळणाची नाही, सोजराची नाही. मंग कोठी भरली कायनं?”

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. कोठीत छातीएवढी तूर होती. मग एकेकीला बोलायला धीर आला. एक म्हणाली, जानेवारीत मीच मापली. दुसरीनं होळीच्या आधीचं सांगितलं. अशा पाचही महिन्यांच्या साक्षी त्या खोलीतच निघाल्या. अर्पिता रडली आणि सोजराबाईंच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला मधेच धरलं.

अन्नपूर्णाबाईंनी लॅपटॉप सोजराबाईंसमोर सरकवला. “आता तूच टाक. चुकलं तं मी बसून राह्यली ना.”

सोजराबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. पहिल्या नोंदीलाच त्यांना पंधरा मिनिटं लागली. आकड्याच्या जागी त्यांनी आधी ‘लाभ’ लिहिलं, तपासनीस कुरकुरला, बायका हसल्या, त्याही हसल्या. मग २ पायली लिहून झाली.

कुलदीपचा प्रोग्राम अजून आहे. चांगला आहे बिचारा. पण आता दर शनिवारी त्या अकराजणी मला मोठ्यानं वाचतात आणि राहिलेलं हातानं भरतात. मित्रांनो, तुम्हीही मला कोणत्याही वाटेनं भरा, पण भरून झाल्यावर एकदा वाचत जा. मी रिकामी राहिले तर मला काही होत नाही. ज्याचं नाव राहून जातं, त्याला होतं.

त्या दिवशी पाचवी नोंद संपली तेव्हा दोन्ही बाजू जुळल्या होत्या. सोजराबाईंनी पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही.