चिमाबाई आणि छोटं बटण

मित्रांनो, नाक मुरडू नका. वाशिंदमधल्या एका इमारतीत, संडासाच्या दाराआड, भिंतीला टेकून उभा असतो तो मी. एक जुना प्लंजर, दांड्याला रबराची वाटी, तुंबलेला संडास मोकळा करणारा. या घरात मला नुसता 'पंप' म्हणतात, आणि पाहुणे आले की तेही म्हणत नाहीत.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तापलेल्या रबराचा वास तेवढा आठवतो. मग मुरबाडच्या एका हार्डवेअरच्या दुकानात दोन वर्षं मी छताला लटकत धूळ खाल्ली. तिथून मला या घरच्या महेंद्रने आणलं. त्याआधी त्याने शहापुरातून माझाच एक सपाट वाटीचा भाऊ नेला होता. तो बिचारा बेसिनसाठी बनलेला. कमोडच्या भोकावर तो बसेना, कडेने हवा सुटायची आणि घाण पाणी महेंद्रच्या अंगावर उडायचं. दुकानदार भगीरथशेठ ते ऐकून पोट धरून हसला. मग मला खाली काढून म्हणाला, "याच्या वाटीतून आनखी एक गळा खाली उतरतो, बघा. तो भोकात बसला का हवा नाय सुटनार." माझी स्तुती झाली ती तेवढीच.

घरात महेंद्र, त्याची बायको रश्मी आणि त्याची आई चिमाबाई. गुडघे कामातून गेल्यावर चिमाबाई आजी खर्डीजवळचं गाव सोडून लेकाकडे आल्या. त्यांना खाली बसता येईना, म्हणून महेंद्रने हा कमोड बसवून घेतला. कमी पाण्याचा. टाकीवर दोन बटणं, थोड्या पाण्याचं छोटं, जास्त पाण्याचं मोठं.

आणि तो तुंबायचा. आठवड्यातून तीनदा तरी. महेंद्र कामावरून आला की चहाच्या आधी मला हातात घ्यायचा. दाब, ओढ, दाब, ओढ. तो पाइपाला शिव्या द्यायचा, प्लंबरला द्यायचा. मी तर पार थकून गेलो होतो. त्यातही जास्त त्रास याचा होता, की कारण मला ठाऊक होतं. आजी दर वेळी छोटंच बटण दाबायच्या, तेही हलक्या हाताने. हे सांगणार कसं? मला तोंड आहे, जीभ नाही.

एकदा महेंद्र वैतागून ओरडला, "या घरात करतं तरी कोन असं?" आजी बाहेर ऐकत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी खाणंपिणं आवरलं. चहा अर्धा कप, जेवताना दोन घोट पाणी. संडासात येऊन त्या नुसत्या भिंत धरून उभ्या राहायच्या आणि मला म्हणायच्या, "माज्यामुळं तुला ताप नको रे." ऐन वैशाखात एका दुपारी त्यांना इथेच, माझ्यासमोर, चक्कर आली.

रश्मीने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं.

"आई, पानी का नाय पीत तुमी?"

"प्यालं का जावं लागतं गो. गेलं का तुंबतं."

"तुमी मोठं बटन दाबत नाय?"

आजी पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "आख्खी कळशी जाते त्यानं. आमच्या ल्हानपनी आमाला विहिरीला हात लावू देत नव्हते. कोन वरून ओतील तवा पानी. गावाला आजून टँकर येतो. ते पिन्याचं पानी मी संडासात सोडू?"

रश्मीला रडू फुटलं. मलाही फुटलं असतं. पण तिने सासूला बटणाचे धडे दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी कपडे धुतलेलं पाणी तिने पिंपात साठवलं, पिंप कमोडशेजारी ठेवलं आणि त्यात एक मोठा डबा टाकला.

"आई, हे धुन्याचं पानी हाय. तसं बी फेकायचंच. ओता पायजे तेवढं."

"धुन्याचं व्हय? मंग चालंल," आजी म्हणाल्या. त्या दुपारी त्यांनी तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि सगळं प्यायल्या.

आता मला क्वचितच कोणी हात लावतं. उभ्या उभ्या माझ्या रबराला चिरा पडू लागल्यात. पडोत. मित्रांनो, काम झाल्यावर मला साबणाने धुवा, जरा उन्हात ठेवा, एवढंच मागणं आहे. आणि तुमच्या घरातलं म्हातारं माणूस पाणी कमी पिऊ लागलं, तर त्याच्यावर डाफरण्याआधी जवळ बसून विचारा, संडासाची काही अडचण आहे का. ते आपण होऊन सांगणार नाही.